चावी, यावे आणि क्लावे

दक्षिण दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत एकाच जिन्यावर चार-चार भाषा नांदतात. रामकृष्णपुरम् हे तिचं पूर्ण नाव. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेल्या या सेक्टरांमध्ये तमिळ, बंगाली, मराठी, पंजाबी कुटुंबं बदलीच्या हुकमाबरोबर येतात आणि तशीच पुढच्या बदलीला निघतात. या शेजाऱ्यांचे घरगुती शब्द एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. पाणी, मीठ, दार, उंबरा अशा साध्या वस्तूंनाही तमिळ घरात एक नाव, तर समोरच्या मराठी घरात भलतंच. मात्र बाहेर जाताना शेजाऱ्याकडे जी वस्तू ठेवायला द्यायची, तिच्यापाशी सगळे एका शब्दावर येतात. मराठी घरात ती चावी, हिंदी आणि पंजाबी घरात चाबी, बंगाली घरात चाबि, तमिळ घरात सावी.

हा शब्द या पाचही भाषांना पोर्तुगीजांनी दिला. गोवा १५१० साली त्यांच्या हाती गेलं, वसई १५३४ साली, आणि १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेईपर्यंत उत्तर कोकणातल्या बाजारांत पोर्तुगीज कानावर पडत राहिली. मराठीत कुलूप आधीच होतं, तेही अरबी ‘कुफ्ल’वरून आलेलं. किल्लीही होती. तरी चावी आली आणि टिकली. आज लिस्बनमध्ये हाच शब्द ‘शाव’च्या जवळ उच्चारला जातो, कारण पुढच्या काळात राजधानीच्या पोर्तुगीजमधला ‘च’ हळूहळू ‘श’ झाला. सोळाव्या शतकातल्या खलाशांच्या तोंडी मात्र ‘च’ होता आणि तो मराठीनं, हिंदीनं, बंगालीनं धरून ठेवला. उच्चारापुरतं बोलायचं तर आपली चावी लिस्बनच्या चावीपेक्षा जुनी आहे.

ही सगळी देवघेव पहिल्यांदा नीट मांडली ती गोव्यातल्या आसगावच्या एका विद्वान धर्मगुरूनं. मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो (१८५५–१९२२) यांचा आशियाई भाषांमधल्या पोर्तुगीज शब्दांवरचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. एकेक पोर्तुगीज शब्द घ्यायचा आणि तो कोकणी, मराठी, गुजराती, बंगाली, सिंहली, मलय अशा भाषांत कोणत्या रूपात राहतो ते लिहायचं, अशी त्याची रचना. कोकणी शब्दांवर आयुष्य घालवलेला हा माणूस मराठी वाचकांना फारसा ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं. आपल्या स्वयंपाकघरातले आणि माजघरातले कितीतरी शब्द त्यानं नावानिशी ओळखून ठेवले आहेत.

त्याच आर. के. पुरममध्ये, सेक्टर १३च्या पालिका भवनात, संरक्षण मंत्रालयाचं परदेशी भाषा विद्यालय आहे. १९४८पासून हे विद्यालय सैन्यदलांतल्या आणि सरकारी सेवेतल्या लोकांना परदेशी भाषा शिकवत आलं आहे, त्यांत स्पॅनिशही आहे. मराठी माणूस स्पॅनिश शिकू लागला की पहिल्या काही आठवड्यांतच त्याला ‘यावे’ भेटते. लिहिताना सुरुवातीला दोन ‘एल’, म्हणायला ‘य’. मधला ‘व’ ओठ पुरते न मिटता काढलेला ‘ब’ असतो, म्हणजे आपल्या चावीतला ‘व’ आणि शेजारच्या चाबीतला ‘ब’, यांच्या मधोमध. अर्थही तोच, कारण दोन्ही शब्द लॅटिन ‘क्लाविस’चे. लॅटिनमधल्या आरंभीच्या ‘क्ल’, ‘प्ल’, ‘फ्ल’ या जोडाक्षरांचं पोर्तुगीजमध्ये ‘च’ झालं आणि स्पॅनिशमध्ये दोन ‘एल’वालं अक्षर झालं. पाऊस पोर्तुगीजमध्ये शूवा, स्पॅनिशमध्ये यूविया. ज्वाला तिकडे शामा, इकडे यामा. बोलावणं तिकडे शमार, इकडे यामार. हा नियम एकदा कळला की चावी आणि यावे या सख्ख्या बहिणी आहेत हे सांगावं लागत नाही.

इथपर्यंत सोपं आहे. विद्यार्थी वहीत लिहितो: यावे, स्त्रीलिंगी नाम, चावी. आणि पुढच्या पाठाकडे वळतो.

मग एखाद्या मेक्सिकन गोष्टीत आई मुलाला ओरडते, ‘सिएर्रा ला यावे’, आणि दाराचा तिथं संबंधच नसतो. बेसिनमधून पाणी वाहतंय, ते बंद कर, एवढंच तिला म्हणायचंय. मेक्सिकोत, चिलीत यावे म्हणजे नळाची तोटी. स्पेनमध्ये तोटीला ग्रीफो म्हणतात, अर्जेंटिनात कानिया, पेरूत कान्यो. एका तोटीला स्पॅनिश जगात इतकी नावं असताना मेक्सिकोनं तिला चावी का म्हणावं, असा प्रश्न पुणेकर विद्यार्थ्याला पडेल. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला पडणार नाही. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे नळाला चावी म्हणतात. ‘चावी चालू कर’ म्हटलं की तिथल्या पोरांना बादली घेऊन कुठं जायचं ते कळतं. आणि पुण्यातही पेठेपेठेत पाणी सोडणाऱ्या महापालिकेच्या माणसाला चावीवालाच म्हणतात. त्याच्या हातातली लांब दांड्याची चावी जमिनीखालच्या व्हॉल्व्हला लागते. त्या व्हॉल्व्हला स्पॅनिशमध्ये ‘यावे दे पासो’ म्हणतात, म्हणजे वाट देणारी चावी.

मेक्सिकोनं हा अर्थ कोल्हापूरकडून घेतला नाही, कोल्हापूरनंही मेक्सिकोकडून नाही. दोन्हीकडे माणसांनी एकच गोष्ट पाहिली: काहीतरी धरून फिरवलं की अडलेलं सुटतं, उलट फिरवलं की सुटलेलं अडतं. दाराशी हे काम करणाऱ्या वस्तूला जे नाव होतं, तेच पाण्याशी हे काम करणाऱ्या वस्तूला मिळालं. नामाचा लाक्षणिक अर्थ समजून घ्यायची खरी वाट मला इथं दिसते. अर्थांची यादी पाठ करण्याऐवजी ती वस्तू काय काय करते ते आधी पाहावं. चावी फिरते. ती अडवते आणि सोडते. आणि ती एका वेळी एकाच्याच हाती असते. यावेचे जवळजवळ सगळे अर्थ या तीन कामांतून फुटलेत.

फिरण्यातून पाना आला. मेकॅनिकचा पाना स्पॅनिशमध्ये यावेच. लहानमोठा करता येणारा पाना तो ‘यावे इंग्लेसा’, इंग्रजी चावी. गाडीची चावी ‘यावे दे कोंताक्तो’. अर्जेंटिनात दिव्याच्या बटणाला ‘यावे दे ला लूस’ म्हणतात. अडवण्यातून कुस्तीतली पकड आली. ज्युदोत किंवा मेक्सिकोच्या लुचा लिब्रेमध्ये प्रतिस्पर्ध्याचा हात सांध्यापाशी असा अडकवला की तो हलवता येत नाही, ती यावे. महिरपी कंसालाही यावे म्हणतात. स्पॅनिश शाळांमधली मुलं धड्याचा सारांश काढताना एक मोठा महिरपी कंस काढून त्याच्या पोटात मुद्द्यांच्या ओळी एकत्र बंद करतात.

आता यातला वाच्यार्थ कुठला आणि लक्ष्यार्थ कुठला? गॅरेजमधल्या माणसाला विचारलं तर तो पाना पुढे करेल. त्याच्या लेखी पाना ही चावीवरून सुचलेली कल्पना नाही, ती हातातली लोखंडी वस्तू आहे. पूर्वी कधीतरी कुणीतरी चावीवरून पान्याला नाव दिलं, तेव्हा ते अलंकारिक होतं. रोजच्या वापरात अलंकार झिजला आणि वस्तू उरली. स्पेनची शाही भाषा अकादमी १७१३ साली स्थापन झाली आणि तिचा एका खंडातला शब्दकोश १७८० सालापासून निघतो आहे. या कोशात लाक्षणिक अर्थांपुढे ‘फिगुरादो’चं संक्षिप्त रूप छापायची पद्धत होती. २००१ सालच्या बाविसाव्या आवृत्तीत ही खूण काढून टाकली गेली. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. बोलणाऱ्याच्या मनात जी सीमा उरलेलीच नाही ती कोशकारानं छापून दाखवायची कशी? मात्र विद्यार्थ्याचं काम त्यामुळे वाढतं. कोश आता अर्थ क्रमांकानं देतो, पण कुठला अर्थ कुठल्या अर्थातून फुटला ते वाचणाऱ्यानं स्वतः शोधायचं.

तिसरं काम, एकाच्या हाती असणं, हे इतिहासात सगळ्यात जास्त रुजलंय. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केसचं ब्रेडाच्या शरणागतीचं मोठं चित्र आहे. नेदरलँड्समधलं ब्रेडा शहर १६२५ साली स्पॅनिश सैन्यानं घेतलं. चित्र त्यानंतर सुमारे १० वर्षांनी रंगवलेलं. डावीकडे हरलेले, उजवीकडे उभ्या भाल्यांचं रान, आणि बरोबर मधोमध एका हातातून दुसऱ्याकडे जाणारी शहराची चावी. विजयी सेनापती स्पिनोला वाकलेल्या शत्रूच्या खांद्यावर हात ठेवतोय. या चावीनं कुठलं दार उघडत होतं हे विचारण्यात अर्थ नाही. ती लोखंडी आहे आणि ती सत्ताही आहे. वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ एकाच वस्तूत असे एकजीव झालेले मी दुसरीकडे क्वचितच पाहिलेत.

हवाना शहराला १६३४ साली स्पेनच्या राजानं पदवी दिली ती ‘नव्या जगाची चावी’. अमेरिकेतली चांदी घेऊन निघणारी जहाजं हवानाच्या बंदरात जमत आणि मग एकत्र अटलांटिक ओलांडत. हे बंदर ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात तो सगळा मार्ग. हवानाच्या मानचिन्हात तीन बुरुजांखाली चावी आहे, आणि आजच्या क्युबाच्या राष्ट्रचिन्हातही दोन किनाऱ्यांच्या मधल्या समुद्रावर सोन्याची चावी काढलेली असते. याच्या उलट टोकाची आठवण सेफार्दी यहुद्यांची. १४९२ साली स्पेनमधून हाकलले गेलेल्या या कुटुंबांनी तोलेदोच्या, कोर्दोबाच्या घरांच्या चाव्या सोबत नेल्या आणि इस्तंबूल, सालोनिकामध्ये पिढ्यानपिढ्या जपल्या, असं परंपरा सांगते. दार दुसऱ्याचं झालं होतं. चावी जपण्यात आपलं घर तिथं होतं एवढं म्हणणं उरलं होतं.

हातातल्या चावीचा अर्थ भाषा बदलली की थोडा सरकतो, आणि मराठी विद्यार्थ्यानं नेमकं इथं थांबून पाहायला हवं. मराठी घरात कमरेला किल्ल्यांचा जुडगा म्हणजे घरची कर्ती बाई. सासूनं सुनेच्या हाती किल्ल्या दिल्या म्हणजे कारभार दिला. स्पॅनिशमध्ये ‘आमा दे यावेस’, चाव्यांची मालकीण, ही घरची मालकीण नसते. ती मोठ्या घरातली पगारी व्यवस्थापिका असते. चाव्या तिच्याकडे, घर दुसऱ्याचं. तसंच मराठी माणूस कुलूप लावतो, स्पॅनिश माणूस चावी लावतो. आपण वस्तू कडीकुलपात ठेवतो, ते ‘बाखो यावे’, चावीखाली ठेवतात. फारच जपायची असेल तर ‘सात चाव्यांखाली’. तेच दार, तीच भीती. आपल्या वाक्यात कुलूप दिसतं, त्यांच्या वाक्यात चावी.

आता धाकट्या बहिणीकडे येऊ. वयानं ती धाकटी, पण रूप जुनं. लॅटिन ‘क्लाविस’ लोकांच्या तोंडी शतकानुशतकं घासून यावे झाली. पुढे शिकल्यासवरल्या लोकांनी तोच लॅटिन शब्द पुस्तकातून पुन्हा उचलला, तो ‘क्लावे’. तिला पाण्याशी, लोखंडाशी देणंघेणं नाही. सांकेतिक लिपीची उकल म्हणजे क्लावे. गूढ प्रश्नाचा उलगडा म्हणजे क्लावे. लॅटिन अमेरिकेत बँकेचा परवलीचा शब्दही क्लावे. कमानीच्या माथ्यावरचा जो दगड दोन्ही बाजूंचा भार धरतो तीही क्लावे. सुरांची ओळ कशी वाचायची ते सांगणारं पाश्चात्त्य संगीतातलं चिन्हही तेच नाव घेतं. क्युबाच्या संगीतात क्लावे म्हणजे दोन कठीण लाकडी दांडक्या, आणि त्यांवर वाजणारा पाच आघातांचा ठरलेला आकृतिबंधही. बाकी वाद्यं त्याच्या आधारानं चालतात. कुणी त्याच्याविरुद्ध गेला तर क्युबन वादक त्याला ‘क्रुसादो’, आडवा गेलेला, म्हणतात. एक सावधगिरी: हे नाम स्त्रीलिंगी आहे, पण पुल्लिंगी ‘एल क्लावे’ म्हटलं तर तो हार्प्सिकॉर्ड होतो, म्हणजे पियानोच्या आधीचं एक वाद्य. म्हणून स्पॅनिश नाम वहीत लिहिताना त्याच्यापुढचं ‘एल’ किंवा ‘ला’ कधी सोडू नये.

म्हणजे स्पॅनिशनं कामाची वाटणी केली. झिजलेलं बाजारी रूप हातात धरायच्या गोष्टींना, पुस्तकी रूप डोक्यात धरायच्या गोष्टींना. पालिका भवनापासून फार लांब नसलेल्या पश्चिम खंड ७मध्ये हीच वाटणी हिंदीत झालेली दिसते. केंद्रीय हिंदी निदेशालय १९६० सालचं, वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ सालचा. दोन्ही कार्यालयं याच वास्तूत. संगणकाच्या कीबोर्डाला सरकारी हिंदी शब्द झाला ‘कुंजीपटल’. रस्त्यावर बसून डुप्लिकेट बनवणारा माणूस ‘चाबीवाला’ आहे, पण चाबीपटल झालं नाही. ताल्यात फिरणारी ती चाबी, ज्ञान उघडणारी ती कुंजी.

मराठीत तर ही वाटणी आणखी रेखीव आहे आणि ती कुठल्या आयोगानं केलेली नाही. चावी आणि किल्ली हे दोन्ही आपले रोजचे शब्द, कुठलाही वापरला तरी कुलूप उघडतं. पण लक्ष्यार्थाकडे वळलो की दोघी वेगळ्या वाटा धरतात. वर्तमानपत्र लिहितं ‘सत्तेच्या चाव्या’, आणि परीक्षेचं मार्गदर्शन लिहितं ‘यशाची गुरुकिल्ली’. गुरुचावी असा शब्द कुणी घडवला नाही. पहिली कुणाच्या तरी हातात असते, दुसरी कुणाला तरी उमगलेली असते. स्पॅनिशमध्ये पहिली ‘लास यावेस देल पोदेर’ होईल आणि दुसरी ‘ला क्लावे देल एक्सितो’. यावे आणि क्लावे यांत गोंधळणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला मी तरी हेच सांगेन, की मनात आधी मराठी वाक्य करून पाहा. तिथं चावी बसली तर बहुधा यावे, गुरुकिल्ली बसली तर क्लावे.

हे साम्य सगळीकडे पुरत नाही. जुन्या घड्याळाला आपण चावी देतो, आणि एखाद्याला भरीला घालून दुसऱ्यावर सोडणाऱ्यानं ‘चावी मारली’ असंही म्हणतो. स्पॅनिशमध्ये घड्याळाला ‘कुएर्दा’ देतात, म्हणजे दोरी, आणि लाक्षणिक अर्थ त्या दोरीमागून जातो: कुणाला कुएर्दा देणं म्हणजे त्याला बोलतं ठेवणं, आणखी बोलायला खुणावणं. मराठीतल्या चावी मारण्यातला डाव त्यात नाही. घड्याळात तीच स्प्रिंग, पण एका भाषेनं फिरवणारी वस्तू पाहिली, दुसरीनं गुंडाळली जाणारी.

दाराचाच आणखी एक शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आहे: बिजागरी. मूळ शब्द बिसाग्रा, स्पॅनिशमध्येही तोच. स्पॅनिश राजकारणात ‘पार्तीदो बिसाग्रा’ म्हणजे ज्याच्याशिवाय कुणाचंच सरकार बनत नाही असा छोटा पक्ष. कॅटलन राष्ट्रवाद्यांच्या सी. आय. यू. आघाडीनं १९९३ साली समाजवादी गोन्सालेस यांना आधार दिला आणि १९९६ साली उजव्या आस्नार यांना. दार दोन्ही बाजूंना उघडलं, बिजागरी तीच. आपल्याकडे आघाड्यांची सरकारं इतकी आली-गेली, तरी मराठी वार्ताहरांच्या हाताशी असलेला हा शब्द अजून राजकारणात उतरलेला नाही. उतरावा अशी मनापासून इच्छा आहे.

शेवटी बालदी. पोर्तुगीज आणि स्पॅनिश ‘बाल्दे’ म्हणजे आपली बालदीच, आणि ती ओळखून विद्यार्थ्याला आनंद होतो. मग त्याला ‘एन बाल्दे’ भेटतं, अर्थ: व्यर्थ, फुकाफुकी. ‘दे बाल्दे’ भेटतं, अर्थ: पैसे न देता. आतापर्यंत वस्तूच्या कामावरून अर्थ लावायची सवय झालेली असते. गळकी बालदी, उपसलेलं पाणी, वाया गेलेले श्रम, असं चित्र मनात लगेच उभं राहतं. ते चित्र खोटं आहे. व्यर्थवाला बाल्दे हा वेगळाच शब्द आहे, अरबी ‘बातिल’वरून अंदालुसियाच्या अरबांमार्फत स्पॅनिशमध्ये आलेला, आणि बालदीशी त्याचं फक्त ध्वनीचं साम्य आहे. तोच अरबी शब्द फारसीच्या वाटेनं मराठीतही पोचला: अर्ज बातल झाला, हुकूम बातल ठरला, असं आपण म्हणतो ना, तो. म्हणून वहीत बाल्देच्या दोन स्वतंत्र नोंदी कराव्या लागतात, एक बालदीसमोर आणि दुसरी बातलसमोर.